भिंतीखालची वाळू

पन्नाशी गाठली तरी धाकटी धाकटीच राहिली. लग्न करून त्या घरात आली तेव्हा घरात थोरली सून आधीच होती, म्हणून ही धाकटी. ते नाव घरातून गल्लीत आणि गल्लीतून बंदरात असं काही पसरलं की कोणी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली, तर ती स्वतःच इकडेतिकडे बघायची.

तिचे वडील बंदरातल्या लाकडाच्या वखारीत क्रेन चालवायचे. शाळा सुटली की ती त्यांच्या केबिनमध्ये, पायाशी जाऊन बसायची. ओंडका खाली ठेवताना धप्प आवाज आला की वडील स्वतःवरच चिडायचे. म्हणायचे, "ठेवणं वेगळं आणि टाकणं वेगळं. टाकायला काय, वारासुद्धा टाकतो." पुढे त्यांचे गुडघे केबिनची शिडी चढायला कुरकुरू लागले, वखारीच्या मालकाला दुसरा माणूस लवकर मिळेना, आणि ती शिडी पोरगी चढली ती चढलीच. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शिकून लांबच्या शहरात नोकरीला लागली, तरी धाकटी ओंडकेच उचलत होती. मग एक दिवस वखारीलाच कुलूप लागलं.

घर खाडीच्या काठावरच होतं. खाली थोरलीची लाँड्री, वर दोन्ही भावांच्या खोल्या आणि मधे एकच स्वयंपाकघर. थोरला दीर जहाजावर स्वयंपाकी, वर्षातून एकदा घरी यायचा आणि घरच्या जेवणाला नावं ठेवून परत जायचा. धाकटीचा नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. त्याचं बोलणं म्हणजे थंडीतलं इंजिन, चार वेळा किल्ली फिरवल्याशिवाय सुरू होत नसे. त्यामुळे घरात बोलायचं ते या दोघी जावाच. दिवसभराचं सगळं एकमेकींना सांगितल्याशिवाय दोघींनाही जेवण जात नसे.

आणि खाडी? खाडीबद्दल त्या वस्तीत कोणी बोलत नसे. घरातल्या वाया गेलेल्या पोराबद्दल बोलत नाहीत, तसं. वरच्या अंगाला एके काळी चामड्याचा कारखाना होता, रंगाचा कारखाना होता, जहाजं दुरुस्त करायची गोदी होती. कारखाने पोटभर जेवले आणि उष्टं खाडीत टाकून उठून गेले. तेल, डांबर, शिसं, रंग, सगळं तळाला जाऊन बसलं आणि त्याचा काळा, लोण्यासारखा मऊ गाळ झाला. ओहोटीला तो उघडा पडला की वस्ती खिडक्या लावून घ्यायची. कुठे राहता म्हणून कोणी विचारलं, तर लोक मागच्या मोठ्या रस्त्याचं नाव सांगायचे. तो रस्ता जवळच होता, त्यामुळे ते अगदीच खोटंही नव्हतं.

अशात शहराने खाडी साफ करायचं ठरवलं. नुसता वरचा कचरा नाही, तळाचा गाळही काढायचा. कामासाठी वस्तीतली माणसं शिकवून घेणार होते. बाकीचे "बघू, करू" म्हणत राहिले तेवढ्यात धाकटी जाऊन रांगेत उभी राहिली.

मुकादम जुना दर्यावर्दी माणूस. त्याने तिला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पाण्यावर काम केलंय कधी?"

"नाही. पाण्याला लागून केलंय."

"जमीन हलत नाही. बार्ज हलते."

"ओंडकाही हलतो," धाकटी म्हणाली. "दोरीला टांगलेला."

मुकादम हसला नाही, पण त्याने तिला बार्जवर नेलं. बार्ज म्हणजे सपाट तळाची, पत्र्याची मोठी होडी. तिच्यावर लांब हाताचं पोकलेन उभं होतं. त्या हाताच्या टोकाला बकेट होतं, पण नेहमीचं नव्हे, झाकणाचं, डब्यासारखं घट्ट मिटणारं. सीट एवढी मागे होती की धाकटीचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. तिने अंगातलं जाकीट काढलं, गुंडाळून पाठीमागे कोंबलं आणि यंत्र सुरू केलं. दुपारपर्यंत मुकादमाने तिच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं, आणि त्याच्यासारख्या माणसाच्या लेखी ती शाबासकीच होती.

शिकवायला एक इंजिनियरबाई होत्या. तिशीच्या आतल्या, चष्मा सतत नाकावर घसरलेला, बोलताना हातांनी हवेत खाडीचा तळ काढून दाखवायच्या. बार्जवर सगळे त्यांना गाळवाल्या मॅडम म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "हा गाळ झोपलेला आहे तोवर त्याचा त्रास कमी. आपण त्याला उठवणार आहोत. तो उठून पाण्यात पसरला, तर साफ करण्यापेक्षा घाण करण्याचंच काम आपण केलं असं होईल. म्हणून हळू. बकेट हळू उतरवायचं, हळू मिटायचं, हळू वर घ्यायचं." बार्जभोवती पाण्यात जाड कापडाचा पडदा तरंगत्या पिंपांवरून तळापर्यंत सोडलेला होता, ढवळलेलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. केबिनमध्ये एक पडदाही होता, टीव्हीसारखा, त्यावर बकेट किती खोल गेलं ते दिसायचं. वर आलेला गाळ झाकलेल्या दुसऱ्या बार्जमध्ये भरायचा. तिथून तो शहराबाहेर न्यायचे, पिळून त्यातलं पाणी काढायचे, सिमेंटमध्ये कालवून घट्ट करायचे आणि चारी बाजूंनी अस्तर लावलेल्या खड्ड्यात पुरायचे.

धाकटीला हे काम आवडलं. रोज संध्याकाळी ती थोरलीला बार्जवरच्या गमती सांगायची. पाणबुड्या, म्हणजे तळाशी उतरून काम तपासणारा डायव्हर, पाण्याखाली निर्धास्त असायचा, पण बार्जवर त्याला उंदराची भीती वाटायची. थोरली चादरींच्या घड्या घालता घालता हसायची.

काम खाडीच्या तोंडाकडून सुरू झालं होतं. ते सरकत सरकत वस्तीपाशी आलं आणि हसणं थांबलं.

गाळ उठला तसा वासही उठला. सडक्या अंड्यांचा आणि त्यात रॉकेलचा. बंद खिडक्यांना तो जुमानेना. वस्तीतल्या लोकांची डोकी दुखायला लागली, लहान मुलं जेवताना नाक धरू लागली. लाँड्रीचं तर कंबरडंच मोडलं. थोरलीने धुतलेल्या, कडक इस्त्री केलेल्या चादरी ज्या हॉटेलात जायच्या, तिथून एक दिवस सगळी गाठोडी जशीच्या तशी परत आली. आणणारा माणूस नजर चुकवत म्हणाला, "पाहुणे म्हणतात वास येतो. मालकांनी सांगितलंय, पुढचं कळवू." पुढचं काय कळवणार, ते थोरली समजली.

त्या संध्याकाळी धाकटी घरी आली तेव्हा थोरली गाठोडं उघडून एकेक चादर नाकाशी धरत होती.

"ताई, काय झालं?"

थोरलीने वर पाहिलं नाही. "जे खाली निजलं होतं ते कशाला उठवलंत तुम्ही लोकांनी?"

थोरलीने तिला 'तुम्ही लोक' म्हटलं, तेच धाकटीला जास्त लागलं. इतक्या वर्षांत तिने तिला 'तू'शिवाय हाक मारली नव्हती.

त्यानंतर एकाच स्वयंपाकघरात दोन अबोले राहू लागले. चहा दोनदा व्हायचा. धाकटीचा नवरा मधल्या मधे दोन्हीकडचा चहा प्यायचा आणि अॅसिडिटीने हैराण व्हायचा. एकदा न राहवून तो म्हणाला, "तुम्ही बोला नाहीतर मी डेपोत राहायला जातो." हे त्याचं त्या महिन्यातलं सर्वांत लांब वाक्य होतं, पण कोणी मनावर घेतलं नाही.

वस्तीने बैठक बोलावली. शाळेच्या हॉलमध्ये, मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली. गाळवाल्या मॅडम समोर उभ्या होत्या. सर्वांत जास्त आणि सर्वांत मुद्देसूद कोण बोललं असेल, तर थोरली. ती ओरडली नाही. तिने हातातली चादर मॅडमना दिली आणि म्हणाली, "वास घ्या. आणि मग मला सांगा, मी लोकांना स्वच्छ म्हणून काय विकू?"

धाकटी शेवटच्या बाकावर, कामाचेच बूट घालून बसली होती. काही लोक वळून वळून तिच्याकडे बघत होते. आता ही उठेल, आपल्या कामाची बाजू मांडेल, असं त्यांना वाटत असावं. पण धाकटी उठली नाही. थोरलीचं म्हणणं खरं होतं, आणि खऱ्याला आडवं जाऊन काय मिळवायचं?

मॅडमनीही सबबी सांगितल्या नाहीत. चादर हुंगून त्या म्हणाल्या, "वास येतोय. तो आम्ही आधीच कमी करायला हवा होता." मग काम थांबलं. पुन्हा सुरू झालं ते नव्या रीतीने. वारा वस्तीकडे वळला की पोकलेन बंद. भरलेली बार्ज तिथे रेंगाळायची नाही, लगेच हलवायची, आणि हलेपर्यंत तिच्यावर साबणाच्या फेसासारखा जाड थर मारायचा, वास दाबायला. काम लांबणार होतं, मुकादम कुरकुरला, पण मॅडम हलल्या नाहीत.

बैठकीत आणखी एक ठरलं होतं. ज्याला बघायचं असेल त्याने बार्जवर यावं. पहिल्या खेपेला आलेल्यांत थोरली होती. नारिंगी लाइफ जाकीट घालून, पर्स छातीशी धरून, जणू ती बँकेतच निघाली होती. मॅडमनी तिला धाकटीच्या केबिनमागच्या फळीवर उभं केलं. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. धाकटीने यंत्र सुरू केलं.

बकेट पाण्यात गेलं. हात सरळ झाला, थांबला, मिटल्याचा हिसका केबिनला जाणवला. मग ते सावकाश वर आलं आणि बार्जवर उघडलं. गाळ बाहेर आला तो ओघळत नव्हता, थरथरत होता. काळा कुळकुळीत, वर तेलाचे रंग चमकणारे. त्यात कुजलेली दोरखंडं होती, चामड्याचे तुकडे होते, इतक्या वर्षांनीही न कुजलेले. वासाने थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

 मग मागून तिचा आवाज आला. "हे आपल्या घराखाली होतं?"

"अजून आहे," धाकटी म्हणाली. "हे तर समोरचं. घराखालचं राहिलंय."

"मी लग्न होऊन आले तेव्हाही?"

"तेव्हाही."

यंत्राची घरघर सुरू होती. थोरलीने पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला. "मग काढ," ती म्हणाली. "वास सोसू. पण अर्धवट सोडून जाऊ नकोस. अर्धवट धुतलेलं मळक्यापेक्षा वाईट."

त्या दिवशी घरी चहा एकदाच झाला. हॉटेल परत आलं नाही ते नाहीच. थोरलीने मागच्या रस्त्यावर दुकानाचा एक गाळा बघून इस्त्रीचं टेबल तिकडे हलवलं आणि ओढूनताणून ते वर्ष काढलं.

पण घराखालचा गाळ काढता येणार नव्हता. मॅडमनी धाकटीला बाजूला बोलावून ते समजावलं. घरांची रांग ज्या दगडी भिंतीवर उभी होती, ती भिंत त्या गाळाच्याच टेकूवर होती. पायथ्याचं पोखरलं, तर भिंत पुढे कलंडली असती आणि तिच्यामागोमाग घरं.

"मग सोडून द्यायचा?" धाकटीने विचारलं. थोरलीला काय सांगायचं, हा प्रश्न तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

"नाही. झाकायचा." मॅडमनी हवेत हात आडवा फिरवला. "आधी स्वच्छ वाळू, तिच्यात कोळशाची पूड, तीच विष धरून ठेवते. मग त्यावर जाड वाळू, त्यावर दगड. पण गाळ लोण्यासारखा आहे. वाळू धपकन पडली तर बुडून जाईल आणि गाळ वर येईल. ओतायचं नाही. भुरभुरायचं."

एवढ्या मोठ्या यंत्राने भुरभुरायचं. धाकटीला हसू आलं, पण ते कामापर्यंतच टिकलं. भरतीचं पाणी उतरायला लागलं होतं, मुकादम घड्याळ बघत होता, आणि तिने बकेट हवं त्यापेक्षा जरा लवकर आणि जरा जास्त उघडलं. पाण्याखाली काय झालं ते वर दिसायला वेळ लागला नाही. काळे बुडबुडे आले, मग पडद्याच्या आतलं सगळं पाणी शाईसारखं झालं. पाणबुड्या वर आला, मुखवटा काढला आणि म्हणाला, "खाली वाळू नाही. खाली खड्डा आहे."

घातलेली वाळू, तिच्यात मिसळलेला गाळ, सगळं भिंतीला धक्का न लावता थोडं थोडं करून काढावं लागलं. त्या संध्याकाळी धाकटी घरी येऊन न जेवता बसून राहिली. नवरा शेजारी येऊन बसला. चार वेळा घसा खाकरून म्हणाला, "आम्ही एकदा बसचं इंजिन उलटं बसवलं होतं."

"मग?"

"मग काढलं. सुलटं बसवलं."

धाकटी हसली आणि जेवायला उठली.

मॅडमनी वेळ मागून घेतला. भिंतीपासून लांब, जिथे चुकलं तरी बिघडणार नव्हतं, तिथे धाकटी सराव करू लागली. बकेट पाण्याच्या पृष्ठभागाखाली न्यायचं, फट फक्त बोटभर उघडायची, आणि हात असा झुलवायचा की वाळू एका जागी न पडता पसरत, तरंगत खाली जावी. हात झुलवायचा वेग आणि फट यांचा मेळ बसेना. एक साधला की दुसरं निसटायचं. मॅडम किनाऱ्यावर काचेच्या टाकीत गाळ भरून तिला दाखवायच्या, वाळूचा कण कसा उतरतो, कुठे टिकतो, कुठे रुततो. धाकटी टाकीसमोर उकिडवी बसून तासन्‌तास बघायची. "मला हे आधी का नाही दाखवलंत?" ती एकदा म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "मला तरी कुठे माहीत होतं, तुम्हाला डोळ्यांनी बघितल्यावर हाताला कळतं ते." त्या दिवसापासून दोघी शिक्षिका-विद्यार्थिनी न राहता जोडीदारीण झाल्या. टाकीत जमलं की मॅडम पाणी किती खोल, ओढ किती, ते सांगायच्या आणि धाकटी त्यावर हात बसवायची.

पाणबुड्या खाली उतरून बोटांनी थर मोजायचा. सुरुवातीला येऊन सांगायचा, "इथे दोन बोटं, तिथे वीत, मधे टक्कल." मग टकलं कमी झाली. मग एकदा तो वर आला, बार्जच्या कडेला कोपरं टेकून तसाच लटकत राहिला आणि म्हणाला, "चार बोटं. सगळीकडे. मी पुन्हा जाऊन बघून आलो." मुकादमाने टोपी काढून डोकं खाजवलं. "चला भिंतीकडे," तो म्हणाला.

भिंतीखाली वाळू घातली गेली ती शांत, वारा नसलेल्या सकाळी. वस्ती वरच्या कठड्याला टेकून उभी होती. धाकटीला त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. फट बोटभर, हात सावकाश डावीकडे, सावकाश उजवीकडे. पाणी हिरवट होतं ते हिरवटच राहिलं. एकही बुडबुडा आला नाही. थरावर थर चढत गेले, दिवस जात राहिले, आणि गाळ खालीच निजून राहिला, अंगावर पांघरूण घेतल्यासारखा. शेवटचा दगड बसला तेव्हा धाकटीने यंत्र बंद केलं आणि तळवे उलटसुलट करून बघितले. याआधी तिने हजारो ओंडके हलवले होते. ते कुठे गेले, त्यांचं काय झालं, तिला कधीच कळलं नव्हतं. हे काम मात्र इथेच राहणार होतं, तिच्या घराखाली, आणि ते तिने केलं होतं.

पुढे काठाला गवत लावलं गेलं, खारं पाणी सोसणारं. पायऱ्या झाल्या, बाकं आली. उद्घाटनाला मोठ्या लोकांनी एकमेकांचे आभार मानले आणि बार्जवरच्यांची नावं राहून गेली. पण वस्तीतल्या बायांनी मंडप सुटल्यावर धाकटीला पायऱ्यांवर मधोमध बसवून फोटो काढले आणि ती आधी लाजली, मग ऐटीत बसली. गाळ उपसायच्या दिवसांत वासाला कंटाळून बहुतेक घरांनी खाडीच्या अंगाच्या खिडक्या विटांनी चिणून टाकल्या होत्या. त्या एकेक करून उघडायला लागल्या. पहिली कुदळ थोरलीने चालवली. गवंडी येईपर्यंत तिला दम निघेना. संध्याकाळी धाकटी घरी आली तो स्वयंपाकघरात सगळीकडे धूळ, आणि समोर भिंतीत भलं मोठं भगदाड, त्यातून पाणी दिसतंय. थोरलीच्या केसांत विटांचा चुरा. "चहा पिशील?" तिने विचारलं. "धूळ चालत असेल तर."

वर्षभराने मॅडम वाळूचे नमुने तपासायला आल्या. बार्जवर जाळीत वाळू धुता धुता त्या एकदम थांबल्या आणि धाकटीला हाक मारली. जाळीत दोऱ्यासारखे बारीक, लालसर किडे वळवळत होते, आणि नखाएवढा एक शिंपला.

"किडे," मॅडम म्हणाल्या. "जिवंत. विष असतं तर नसते."

धाकटीने जाळी उन्हात धरली. कोणी नवजात बाळ बघावं, तसा तिने तो वळवळणारा जीव बघितला. घरी येऊन थोरलीला सांगितलं, "ताई, आपल्या वाळूला किडे लागले." थोरली म्हणाली, "किडे लागले म्हणून नाचणारी तू पहिलीच बाई." पण तिने ते लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. एव्हाना लाँड्री मूळ जागी परत आली होती आणि कपडे खाडीच्या वाऱ्यावर वाळत होते.

आता काम वरच्या अंगाला, जुन्या गोदीपाशी निघालंय. तिथल्या वस्तीतली चार माणसं परवा धाकटीला शोधत लाँड्रीत आली. कारण ती आता नव्या लोकांना हात बसवायला शिकवते, मुकादमही तिला विचारल्याशिवाय भिंतीजवळ बार्ज लावत नाही. आलेल्यांपैकी एका म्हाताऱ्या शिंप्याने बिचकत विचारलं, "बाई, खरं सांगा. वास येईल का?"

"येईल," धाकटी म्हणाली. "नाक मुठीत धरून बसावं लागेल. वारा तुमच्याकडे असला की आम्ही बंद ठेवू. पण तरी येईल."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. एवढं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं.

"आणि नंतर?" शिंप्याने विचारलं.

धाकटी उत्तर देणार एवढ्यात थोरली इस्त्री उभी करून काउंटरच्या बाहेर आली. "तिला काय विचारता? तिने नुसती वाळू घातली. सोसलं मी," ती म्हणाली. "या माझ्याबरोबर. आधी वास कसा होता ते सांगते, मग खिडकी दाखवते, मग पायऱ्या." आणि चौघांना पुढे घालून ती निघालीसुद्धा. जिन्यावरून तिचा आवाज येत होता, गाळ लोण्यासारखा कसा असतो, वाळू ओतायची नसते तर भुरभुरायची कशी असते, जणू पोकलेनवर हीच बसली होती.

धाकटीने ऐकून घेतलं. एक-दोन गोष्टी चुकीच्या होत्या, पण तिने दुरुस्त केल्या नाहीत. खाली धक्क्यावर मुकादमाने भोंगा वाजवला. तिने बुटांच्या नाड्या बांधल्या, लाँड्रीकडे लक्ष ठेवायला सुट्टीवर घरी असलेल्या नवऱ्याला सांगितलं आणि कामावर गेली.